‘चंदन का पिटारा’चा शेवट

सिनेमाबद्दल मत बनवायला मंदाकिनीबाईंना पूर्ण सिनेमा कधी लागलाच नाही. अर्ध्यात त्यांचं काम होऊन जायचं.

‘इमली का पेड’बद्दल त्यांचं मत असं, की नायक दिसायला बरा, पण गाताना झाडाला इतका रेलतो की झाडाचीच काळजी वाटते. ‘तेरहवाँ टाँगा’ चांगला, मात्र त्यात घोड्याचं काम खलनायकापेक्षा सरस झालं आहे. ‘बारह बजे की बहू’ पाहायचा तो साड्यांसाठी. त्यातली सून विहिरीवर पाणी भरायलाही जरीकाठी नेसून जाते आणि भरलेली घागर डोक्यावर घेऊनही तिचा पदर भिजत नाही. नायिकेची आई पहिल्या पंधरा मिनिटांत खोकली, तर ती काही मुलीचं लग्न बघत नाही, हा नियम त्यांनी स्वतः काढला होता. नायिकेच्या घरी शिवणाचं मशीन दिसलं की समजायचं, नवरा गेलेला आहे किंवा जाणार आहे. चष्म्याच्या वरून बघणारा मुनीम दिसला, तर तिजोरीचं काही खरं नाही.

रायपूरच्या ब्राह्मणपारा या जुन्या मोहल्ल्यात ही मतं चाळीस वर्षं चालली. टीव्हीवर जुना सिनेमा लागणार म्हटलं की शेजारच्या दोन-तीन बायका आधी मंदाकिनीबाईंच्या दारात यायच्या. सिनेमा बघायचा की पापड लाटायला घ्यायचे, हे तिथे ठरायचं. मंदाकिनीबाई तांदूळ निवडता निवडता निकाल द्यायच्या. इकडेतिकडे बघून, हळू आवाजात, शेवटही सांगायच्या. शेवट सांगताना त्यांचा आवाज असा काही लागायचा की त्या मग सिनेमा बघायच्याच नाहीत. बघायला उरलंच काय, म्हणायच्या.

आता यातली अडचण सांगते. अडचण अशी, की त्या जुन्या सिनेमांपैकी एकाचाही शेवट मंदाकिनीबाईंनी पाहिलेला नव्हता.

त्यात त्यांचा काही दोष नव्हता. दोष असलाच तर साडेपाचच्या चहाचा होता. त्यांचे यजमान अनंतराव रेल्वेच्या माल कचेरीत कारकून. पाच वाजता टेबल आवरायचे आणि साडेपाचला सायकल दारात टेकवायचे. तेव्हा चहा तयार आणि सोबत काहीतरी गरम, असा सासूबाईंचा कायदा. सिनेमाचा खेळ तीन ते सहा. सिगडी पेटायलाच अर्धा तास. म्हणजे साडेचारला, इंटरवलचे दिवे लागले की उठायचं. अनंतराव महिन्यातून तीन दिवस हिशेबतपासणीसाठी नागपूरला जायचे, तेव्हा निवांत बघता आला असता. पण नवरा गावाला गेलेला असताना सून सिनेमाला जाते, हे सासूबाईंच्या राज्यात शक्य नव्हतं. तेव्हा अर्धाच. सात जणींचा जथा होता, त्यातल्या कांताबाई सगळ्यात हळव्या. मंदाकिनीबाई पुढारी. त्या उठल्या की सातही जणी उठायच्या, कारण चहा सगळ्यांच्याच घरी लागायचा.

घरापर्यंतच्या वाटेवर कांताबाई रडकुंडीला येऊन विचारायच्या, पुढे काय झालं असेल. पहिल्यांदा मंदाकिनीबाईंनी नुसता अंदाज सांगितला. दुसऱ्यांदा म्हणाल्या की आपण मासिकात वाचलं आहे. तिसऱ्यांदापासून काही म्हणावंच लागलं नाही. देवळाच्या वळणापर्यंत शेवट सांगून व्हायचा. पुढच्या चौकात सगळ्या डोळे पुसून आपापल्या घरी शिरायच्या. पंचवीस-तीस वर्षांत तर त्यांना स्वतःलाही वाटायला लागलं होतं की हे आपण पाहिलेलंच आहे, म्हणून टीव्हीवर लागले तरी त्या ते बघत बसायच्या नाहीत.

हे असंच सुखानं चाललं असतं, पण राज्य वेगळं झालं आणि रायपूर राजधानी झाली. जुन्या दवाखान्याच्या इमारतीत मंत्रालय बसलं, भाडी दुप्पट झाली, आणि मंदाकिनीबाईंच्या वरच्या दोन खोल्यांत शर्मिष्ठा नावाची नाशिककडची मुलगी राहायला आली. कुठल्याशा नियोजन खात्यात मोठ्या पगारावर होती. वागायला चांगली. वाईट एवढंच, की तिला प्रत्येक गोष्टीचा कार्यक्रम करायची सवय होती. शारदा महिला मंडळाला पन्नास वर्षं होतायत असं तिच्या कानावर गेलं आणि दुसऱ्याच बैठकीत ती मंडळाची सचिव झाली. तिनं जाहीर केलं, की पन्नासाव्या वर्षानिमित्त मंदाकिनीमावशींचं ‘माझी सिनेमाची मतं’ या विषयावर भाषण होईल, आणि त्यानंतर सभागृहात मोठ्या पडद्यावर मावशींचा आवडता सिनेमा दाखवला जाईल. ‘चंदन का पिटारा’. तीन वाजता. पूर्ण.

मंदाकिनीबाई एकदम उठून उभ्या राहिल्या, त्या आनंदानं उठल्या असं सगळ्यांनी समजलं.

‘चंदन का पिटारा’ हा सिनेमा बासष्ट सालातला. नायिका गोमती नवी नवरी. तिच्या आईनं दिलेला दागिन्यांचा चंदनी पिटारा कपाटात असतो. घरात एक नणंद असते, अबोल, पांढऱ्या साडीतली. एका पावसाळी संध्याकाळी नणंदेचा हात पिटाऱ्यावर पडतो, वीज कडाडते, गोमती दारात येऊन किंचाळते, आणि इंटरवल. एवढं पाहिल्यावर कोणीही सांगितलं असतं की चोर कोण. मंदाकिनीबाईंनी देवळाच्या वळणापर्यंत नणंदेकडून पिटारा चोरवला, गोमतीच्या दुधात विष कालवलं, आणि शेवटी नणंदेला पिटाऱ्यासकट गोमतीच्या पायांवर आणून घातलं. सगळ्या जणी हुंदके देत घरी गेल्या.

पण कांताबाई नुसत्या रडून थांबल्या नाहीत. त्यांच्या घरी त्यांची नणंद, शांताबाई, विधवा होऊन आलेली होती. अबोल होती. पांढरी नेसायची. कांताबाईंनी त्याच आठवड्यात आपले दागिने अमरावतीला माहेरी नेऊन ठेवले. शांताबाईंना ते कळायला किती वेळ लागणार. त्या शिक्षिकेची नोकरी धरून पाऱ्यातच वेगळ्या खोलीत राहायला गेल्या, आणि पुढे चौदा वर्षं दोघींनी एकमेकींच्या घरचं पाणी घेतलं नाही. नंतर बोलणं सुरू झालं, पण ते कसं, तर पाहुण्यांसमोर बोलतात तसं. शांताबाई मंडळाच्या सभासद होत्या. सिनेमाला त्या येणार होत्या.

तेव्हा मंदाकिनीबाईंचा घोर दुहेरी होता. शेवट वेगळा निघाला तर एक तर चाळीस वर्षांची पत जाणार. आणि त्याहून वाईट म्हणजे कांताबाईंना कळणार, की आपली चौदा वर्षं मंदीच्या एका अंदाजापायी गेली. शेवट तोच निघाला तर प्रश्नच नव्हता. पण तो काय आहे, हे कळायला हवं होतं, आणि कार्यक्रमाला नऊ दिवस होते.

त्या दिवसापासून त्यांचा पाय घरात ठरेना. चहात साखर दोनदा पडली, वरणात मीठ पडलंच नाही. कपाट उघडायच्या आणि कशासाठी उघडलं ते आठवत उभ्या राहायच्या. दुपारी पडायच्या आणि पाठ टेकताच उठायच्या. शेजारच्या नानांनी हे गॅलरीतून पाहिलं आणि हा रक्तदाब आहे असं ठरवून टाकलं. त्यांनी दुधीचा रस सुचवला. समोरच्या शर्मा दीदींनी अर्जुनाची साल आणून दिली. तिसऱ्या घरातून कुणीतरी, डावा पाय आधी खाली ठेवून उठू नका, असं कळवलं. मंदाकिनीबाईंनी रस घेतला, साल उकळली, आणि पाय कुठला आधी पडतोय याकडेही दोन दिवस लक्ष दिलं. शेवट काही कळला नाही.

अनंतराव वर्तमानपत्रातून डोकं काढून एवढंच म्हणाले, “काय शोधून राहिली?”

“काही नाही,” मंदाकिनीबाई म्हणाल्या.

पहिला उपाय म्हणजे सिनेमाच बदलायचा. त्यांनी शर्मिष्ठाला गोड आवाजात सुचवलं, की त्यापेक्षा देवादिकांचा एखादा लावू या. देवांच्या सिनेमात शेवट माहीत असतो. शर्मिष्ठा म्हणाली की मावशी, आता उशीर झाला, परवानगीचा अर्ज गेलाय. तिकीट न लावता सिनेमा दाखवायचा, तर तिकीट लावलेलं नाही याची परवानगी लागत होती. हे मंदाकिनीबाईंना नवीन होतं, पण राज्यही नवीनच होतं.

मग त्या एकट्याच रिक्षा करून त्या कार्यालयात गेल्या. एका खोलीत चार टेबलं आणि टेबलांवर दोरीनं बांधलेले गठ्ठे. छापील अर्जांवर जुन्या राज्याचं नाव होतं, त्यावर पेनानं काट मारून वर नव्या राज्याचा शिक्का. बाबूनं त्यांचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं की माताजी, पिक्चरचं नाव बदलायचं तर नवा आवेदन लागेल, आणि त्याआधी जुना रद्द करायचा आवेदन लागेल, आणि रद्द करायचा फॉर्म भोपाळला आहे. अर्ध्या फायली तिकडून आल्या आहेत, अर्ध्या अजून यायच्या आहेत. मंदाकिनीबाईंनी विचारलं, कधी येतील. बाबूनं पंख्याकडे पाहिलं. त्यालाही पुढचा अर्धा भाग माहीत नव्हता.

परतताना त्यांना एकदम हलकं वाटलं. ज्या कार्यालयात रद्द करायचा कागद मिळत नाही, तिथे मंजुरीचा तरी कसा मिळेल? परवानगी येणार नाही, कार्यक्रम भाषणावर आटपेल, आणि आपण वाईट वाटल्याचा चेहरा करू. त्या खुशीत त्यांनी एक चूक केली. नानांना त्या सहज बोलून गेल्या, की मंडळाचा अर्ज तिकडे अडकून राह्यला वाटते.

नाना तहसील कचेरीतून निवृत्त झालेले. अडकलेला अर्ज हा शब्द कानावर पडून अकरा वर्षं झाली होती. ते उठले, इस्त्रीचा सदरा घातला, जुनी कातडी बॅग काखेत मारली आणि गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. कोणाच्या काकांना ओळखतात ते त्यांनी तिथे सांगितलं, तीन ठिकाणी स्वतः उभं राहून सह्या घेतल्या, आवक क्रमांक आपल्या हातानं टाकला, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी मंजुरीचं पत्र मंदाकिनीबाईंच्या हातात ठेवलं. नव्या राज्यात इतक्या झटकन निघालेला कागद हाच पहिला असावा.

“वहिनी, आता कोणाचा बाप तुमचा सिनेमा थांबवत नाही,” नाना म्हणाले आणि चहासाठी बसले.

दुसरा उपाय, शेवट आधी बघून घ्यायचा. सिनेमाच्या सीडीच्या दोन तबकड्या शर्मिष्ठाच्या भावानं कुरिअरनं पाठवल्या होत्या आणि त्या तिच्या कपाटात होत्या. मंदाकिनीबाईंनी मागून पाहिल्या. ती हसून म्हणाली, की मावशी, तुम्हाला तर पाठ आहे, आता सगळ्यांबरोबरच बघायचा. मग त्या पंडरीच्या कापडबाजारात गेल्या. घरी सांगितलं ब्लाउजपीस. कापडबाजाराच्या मागच्या गल्लीत तबकड्यांचं एक दुकान होतं, तिथल्या भैयानं खाली वाकून पुष्कळ शोधलं आणि धूळ पुसत ‘चंदन का पिटारा’ काढून दिला. मंदाकिनीबाईंनी पर्स उघडली. मग भैया म्हणाला की दोनपैकी पहिलीच आहे, दुसरी एक गिऱ्हाईक घेऊन गेलं ते परत आलंच नाही. हवी तर ही अर्ध्या किमतीत घ्या.

पहिली त्यांनी बासष्ट सालीच पाहिली होती. तरी भिडेपोटी घेतली. ब्लाउजपीस राहून गेला, आणि त्याबद्दल घरी वेगळं काहीतरी सांगावं लागलं.

तिसरा उपाय रामकृष्ण. हा गृहस्थ जुन्या टॉकीजमध्ये तीस वर्षं सिनेमाचं मशीन चालवायचा. आता गावाबाहेर भनपुरीला एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात मुनिमाच्या जागी बसतो, असं दूधवाल्याकडून कळलं. ज्यानं सिनेमा दिवसाला चार वेळा चालवला त्याला शेवट माहीत नसेल तर कोणाला असेल? मंदाकिनीबाई टेम्पोत बसून भनपुरीला गेल्या. ट्रकांची रांग, डिझेलचा वास, पोत्यांचे ढीग, आणि त्या सगळ्यातून चौसष्ट वर्षांची बाई पातळाच्या निऱ्या सावरत, पर्स पोटाशी धरून, एका सिनेमाचा शेवट विचारायला चालली आहे. हे दृश्य एखाद्या सिनेमात पाहिलं असतं, तर त्यांनी ते फाजील ठरवलं असतं.

रामकृष्ण भला माणूस निघाला. त्यानं स्टूल पुसून दिलं, चहा मागवला. ‘चंदन का पिटारा’चं नाव ऐकून त्याचे डोळे चमकले. तो म्हणाला की सात आठवडे चालला होता, नवव्या रिळात तीन जोड होते, अकरावं रीळ नेहमी उलटं गुंडाळून यायचं, आणि एकदा मशीनच्या दिव्याचा कार्बन संपून सिनेमा बंद पडल्यामुळे पब्लिकनं खुर्च्या फोडल्या होत्या. मंदाकिनीबाईंनी विचारलं, शेवटी काय होतं.

“शेवट?” रामकृष्ण म्हणाला. “हमारा काम तो मशीन देखना था, माँजी. पिक्चर देखते तो आग लग जाती.”

मग तो त्यांच्याकडे जरा निरखून बघायला लागला. त्यानं विचारलं, की तुम्ही त्याच ना, दर खेपेला इंटरवलला सहा बायका घेऊन उठायच्या? गेटवरचा माणूस तुमचीच वाट बघायचा, म्हणाला. तुम्ही गेल्या की त्या सात खुर्च्या तो बाहेरच्या रिक्षावाल्यांना चवन्नीला द्यायचा. त्या रिक्षावाल्यांनी पुढचा अर्धा भाग सगळ्या सिनेमांचा पाहिला होता, पहिला मात्र एकाचाही नाही.

मंदाकिनीबाईंनी चहा तसाच ठेवला. मान वर करून टेम्पोपर्यंत गेल्या. टेम्पोत बसल्यावर मान खाली घातली. इतकी वर्षं आपण ज्या रिक्षावाल्यांशी आठ-आठ आण्यांसाठी हुज्जत घातली, त्यांच्यापैकी कुणालाही नुसतं विचारलं असतं तर पिटारा कोणी चोरला हे कळलं असतं, या विचारानं त्यांना ब्राह्मणपारा येईपर्यंत काही सुचलं नाही.

कार्यक्रमाचा दिवस आला. सभागृह भरलं. पहिल्या रांगेत सात जणींच्या जथ्यातल्या उरलेल्या चौघी, मध्ये मंदाकिनीबाई, शेजारी कांताबाई. दुसऱ्या रांगेत बरोबर मागे शांताबाई, अजून पांढऱ्या साडीत, अजून अबोल. मंदाकिनीबाईंचं भाषण रंगलं. खोकणाऱ्या आईचा नियम सांगितला तेव्हा टाळ्या पडल्या. झाडाला रेलणाऱ्या नायकाला हशा मिळाला. शर्मिष्ठानं आभार मानताना त्यांना ब्राह्मणपाऱ्याचं सेन्सॉर बोर्ड म्हटलं. अंधार झाला आणि सिनेमा सुरू झाला.

पहिला अर्धा भाग मंदाकिनीबाईंनी नीट पाहिला नाही. त्यांचं लक्ष मनगटावरच्या घड्याळाकडे होतं. वीज कडाडली, गोमती किंचाळली, पडद्यावर इंटरवल आलं आणि दिवे लागले. साडेचार वाजले होते. आणि मग एक नवल झालं. कोणी काही न बोलता कांताबाई उठल्या. त्यांनी पर्स काखेत धरली, पदर खोचला. बाकीच्या दोघीही उठल्या.

“चल, मंदे,” कांताबाई म्हणाल्या, “चहाची वेळ झाली.”

कांताबाईंचे यजमान जाऊन सहा वर्षं झाली होती. बाकी दोघींच्या घरी चहा सुना करायच्या. तरी तिघी उभ्या होत्या आणि मंदाकिनीबाईंकडे बघत होत्या, चाळीस वर्षांपूर्वी बघायच्या तशाच. वाचलो, मंदाकिनीबाईंच्या मनात आलं. आता नुसतं उठायचं, देवळाच्या वळणापर्यंत जायचं, की सगळं झाकलेलं झाकलेलं राहील. त्या उठल्याही. अर्ध्या उठल्या असताना त्यांची नजर पडद्यावर गेली. पडदा कोरा होता. त्यांच्या मनात आलं की आपण आता चौसष्ट वर्षांच्या आहोत, आणि त्या पिटाऱ्याचं काय झालं हे आपल्याला ठाऊक नाही.

“तुम्ही व्हा पुढं,” त्या म्हणाल्या आणि बसल्या.

“मग मीबी बसते,” कांताबाई म्हणाल्या. तेवढ्यात शर्मिष्ठा ट्रे घेऊन आली, चहा इथेच मिळणार आहे म्हणाली, आणि सगळ्याच बसल्या.

पुढचा सव्वा तास सांगत बसत नाही. पिटारा नवऱ्यानं चोरला होता. तोच, सोज्वळ चेहऱ्याचा, पहाटे अंघोळ करून तुळशीला पाणी घालणारा. घोड्यांच्या शर्यतीत हरला होता. नणंदेनं त्याला पाहिलं होतं आणि ती बोलली नव्हती. विजेच्या कडकडाटात तिचा हात पिटाऱ्यावर पडला होता तो स्वतःची कर्णफुलं त्यात टाकायला, वहिनीला पिटारा अगदीच रिकामा सापडू नये म्हणून. शेवटी पायांवर पडला तो नवरा. विष कोणीच कालवलं नव्हतं.

दिवे लागले. मंदाकिनीबाईंनी उजवीकडे बघितलं नाही. मागे तर नाहीच नाही. त्यांनी पर्सची चेन उघडली, लावली, पुन्हा उघडली. आता कांताबाई काय ते बोलतील आणि जे व्हायचं ते होईल.

कांताबाई पुष्कळ वेळ पडद्याकडे बघत होत्या. मग त्यांनी शर्मिष्ठाला हाक मारली.

“पोरी, हे तबकडी खोटी आहे,” त्या म्हणाल्या. “शेवट बदलवला यायनं. आम्ही पाह्यला तेव्हा नणंद पायावर पडली होती. मी या डोळ्यांनं पाह्यलं.”

बाकीच्या दोघींनीही दुजोरा दिला. एकीला नणंदेचे सुटलेले केससुद्धा आठवत होते. दुसरी म्हणाली की दुधाचा पेला चांदीचा होता. शर्मिष्ठा गोंधळून गेली, भावाला विचारते म्हणाली. तिघींनी शेवटी मंदाकिनीबाईंकडे पाहिलं, आणि विचारलं की मंदे, तू सांग, कसा होता.

मंदाकिनीबाईंनी तोंड उघडलं. पण त्याआधी मागून शांताबाई बोलल्या.

“मले तर हाच बरा वाटला,” त्या म्हणाल्या.

 कांताबाई वळल्या. शांताबाई आपल्या चष्म्याच्या काचा पुसत होत्या आणि कोणाकडेच बघत नव्हत्या. कांताबाईंनी पर्समधून सुपारीची डबी काढली, स्वतः घेतली नाही, तशीच उघडी मागे धरली. शांताबाईंनी चिमूटभर घेतली. मग कांताबाई पुन्हा पुढे वळून म्हणाल्या, की तबकडी खोटीच आहे, पण छापली चांगली.

आपली लाज वाचली म्हणून माणसाला आनंद व्हायला हवा. मंदाकिनीबाईंना मात्र कुठेतरी कोणी फसवल्यासारखं वाटत होतं, आणि फसवणारं कोण ते कळत नव्हतं. अनंतराव न्यायला आले होते; शेवटची पंधरा मिनिटं ते दाराशी उभे राहून बघत होते. दोघं सायकलरिक्षात बसले. देवळाचं वळण आलं. तिथे रिक्षा हळू झाली आणि अनंतराव आपल्याच नादात म्हणाले,

“कांताबाई काहीबी बोलते. नागपूरले असाच होता.”

“काय असाच होता?”

“शेवट. नवराच चोर निघते. मी पाह्यला ना बासष्टात, सीताबर्डीवर.”

बोलून झाल्यावर त्यांना आपण काय बोललो ते कळलं. त्यांनी रिक्षावाल्याला घंटी वाजवायला सांगितली. समोर कोणीच नव्हतं.

मंदाकिनीबाईंनी अगदी शांतपणे विचारलं, की कोणासोबत पाहिला. अनंतराव म्हणाले, एकटाच. हिशेबतपासणी पाचला संपायची, धर्मशाळेत ढेकूण, मग संध्याकाळी माणसानं करायचं काय. आईला कळलं तर कटकट, म्हणून घरी मीटिंग सांगायचो. मंदाकिनीबाईंनी विचारलं, असे किती पाहिले. अनंतराव म्हणाले, महिन्याचा एक, कधी दोन.

“पूर्ण?”

“म्हणजे?” अनंतराव म्हणाले. “अर्धा कोण पाहते?”

रिक्षा पुढच्या चौकापर्यंत गेली. मंदाकिनीबाईंच्या डोळ्यांसमोरून ‘इमली का पेड’ गेला, ‘तेरहवाँ टाँगा’ गेला, सिगडी गेली, ओल्या कोळशाचा धूर गेला, आणि साडेपाचला सायकल टेकवून, “झाला का चहा?” असं विचारणारा एक सोज्वळ चेहरा गेला.

“मी इतके वर्ष बायकांले भलताच शेवट सांगून राहिली,” त्या म्हणाल्या, “ते तुम्हाले ऐकू येत नव्हतं?”

“येत होतं ना.”

“मग बोलले काहून नाही?”

अनंतरावांनी विचार केला. खोटं बोलायला आता वय राहिलं नव्हतं.

“बोललो असतो तर तू विचारलं असतं,” ते म्हणाले, “तुम्हाले कसं ठाऊक.”

 मंदाकिनीबाई चार दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. भांडीही आदळली नाहीत, त्यामुळे अनंतरावांना जास्त भीती वाटायला लागली. चहा वेळेवर मिळत होता, साखरही बरोबर होती. नानांनी गॅलरीतून पाहून सांगितलं की वहिनींचा रक्तदाब उतरला, दुधीचा गुण आला.

रविवारी मंदाकिनीबाई चांगलं पातळ नेसल्या आणि म्हणाल्या की उठा, सिनेमाला जायचं. नवा, गुन्हेगार शोधण्याचा सिनेमा होता, पोलीस, पाऊस, एक बंद बंगला आणि पाच संशयित. तीनचा खेळ. अनंतरावांना बरं वाटलं. राग निवळला म्हणायचा. खुर्च्या गुबगुबीत होत्या, गार हवा होती. कथानकानं त्यांना असं धरलं की हातातले शेंगदाणे खायचे राहिले. बंगल्याचं दार आतून उघडलं, आतल्या माणसाचे नुसते बूट दिसले, आणि इंटरवल झालं.

दिवे लागले. मंदाकिनीबाईंनी घड्याळ बघितलं.

“साडेचार झाले,” त्या म्हणाल्या. “उठा.”

अनंतरावांना आधी कळलं नाही. म्हणाले, शेंगदाणे तर आहेत. मंदाकिनीबाईंनी घराची किल्ली त्यांच्या हातात ठेवली, आणि सांगितलं की रिक्षा बाहेरच मिळेल, दूध फ्रिजमध्ये आहे, साडेपाच-सहापर्यंत चहा टाका, सोबत काहीतरी गरम करा. आणि जाताना पायांकडे बघून उतरा. अनंतराव खुर्चीच्या कडेवर तसेच बसून राहिले. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, किल्लीकडे पाहिलं, आणि अगदी लहान आवाजात विचारलं की बूट कोणाचे होते मग.

“येऊन सांगते ना,” मंदाकिनीबाई म्हणाल्या आणि पाय ताणून बसल्या.

सव्वासहाला त्या घरी आल्या तेव्हा चहा तयार होता, पोहे जरा करपले होते. बशीत ओतून, फुंकर मारून, सावकाश पिता पिता त्यांनी शेवट सांगितला. बूट डॉक्टरांचे निघाले. डॉक्टर हे त्या मोलकरणीचे हरवलेले भाऊ. विषाची बाटली पियानोमध्ये होती. अनंतराव दोन्ही हातांत कप धरून ऐकत होते.

ते सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी एकदाच विचारलं, की खरंच असा होता का.

मंदाकिनीबाईंनी आणखी अर्धा कप मागितला.